मायना गाळून

लंडनला जायचं ठरलं तेव्हा आत्याने एवढंच म्हटलं, ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा.’ तिला राग आला नव्हता, गंमत वाटत होती. मुलगी साताऱ्याची, तिला शिकायचाय साताऱ्याचा इतिहास, आणि त्यासाठी राहतं घर बँकेकडे गहाण टाकून ती निघालीय लंडनला. आमच्या नात्यात परदेशी जाऊन कुणी एमएस केलं, कुणी एमबीए, एकाने हॉटेल मॅनेजमेंट. इतिहासात एमए करायला समुद्र ओलांडणारी मीच पहिली. बाबा एसटीतून निवृत्त झालेले. कर्जाच्या कागदांवर सह्या करता करता त्यांनी विचारलं, ‘यात नोकरी कसली लागते गं?’ मी म्हणाले, ‘बघू.’ ते ‘हं’ म्हणाले आणि पान उलटून पुढची सही केली.

आत्यासाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं. कंपनी सरकारचे कागद लंडनला आहेत, अस्सल पुरावे तिथे आहेत, म्हणून जायचं. हे सांगताना आवाजात असा काही ठसका यायचा की जणू मी कोहिनूरच परत आणायला निघाले होते.

व्हिसाच्या भानगडी सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर फार लिहीत नाही. फीचे आणि खर्चाचे पैसे 28 दिवस खात्यात हलवल्याशिवाय पडून असल्याचं दाखवावं लागतं. आमच्या घरात एवढी रक्कम 28 दिवस एका जागी कधी बसलीच नव्हती. बाबा रोज सकाळी पासबुकाकडे दुधावर लक्ष ठेवावं तसं बघायचे. छातीचा एक्स-रे काढून क्षय नसल्याचा दाखला आणायचा. आरोग्यसेवेचा अधिभार आधीच भरायचा. एका पौंडाला नव्वदीच्या वर रुपये, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी तिथल्या विद्यार्थ्याच्या जवळजवळ दुप्पट. 2022 च्या सप्टेंबरात, राणी एलिझाबेथ गेल्या त्याच आठवड्यात, मी हीथ्रोला उतरले. बॅगेत दोन किलो कंदी पेढे होते. ते कुणाला द्यायचे याचा मात्र विचार केलेला नव्हता.

*

शाळेत आमचा इतिहास 1674 साली रायगडावर चढायचा, 1761 साली पानिपतावर कोसळायचा आणि 1818 साली एका ओळीत संपायचा. पेशवाई बुडाली, पुढचा धडा. पण साताऱ्यात राहणाऱ्याला ती एक ओळ पुरत नाही. संध्याकाळी चार भिंतींवर फिरायला जावं तर तिथल्या 1857 च्या स्मारकात रंगो बापूजींचं नाव. गेंडा माळाचं नाव निघालं की आजोबा हमखास थांबून सांगणार, इथे सतरा जणांना मारलं, काही फासावर, काही तोफेच्या तोंडी, काही गोळ्या घालून. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. मला लहानपणी या रंगो बापूजींचं एकच कोडं पडायचं. ‘ते लंडनला गेले होते,’ असं आजोबा सांगायचे, आणि मग पुढे काहीच नाही. लंडनला जाऊन केलं काय?

केलं ते असं. पेशवाई गेल्यावर 1819 साली इंग्रजांनी तह करून प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. वीस वर्षांनी, 1839 च्या सप्टेंबरात, त्यांनीच उतरवलं. आरोप असे की राजा गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधतो, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार करतो, कंपनीच्या देशी शिपायांना फितवतो. मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्याला आला आणि म्हणाला, गुन्हा कबूल असल्याचं लिहून द्या, गादी राहील. प्रतापसिंहांनी लिहून दिलं नाही. त्यांची रवानगी काशीला झाली आणि 1847 साली तिथेच ते वारले. त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते 1840 पासून 1853 पर्यंत लंडनमध्ये होते. तेरा वर्षं. अर्ज, पुरवण्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभा, संसदेतल्या सहानुभूती असणाऱ्या सभासदांच्या भेटी. मधे पक्षकारच गेला, 1848 साली डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं, तरी वकील तिथेच. शेवटी हात हलवत परत आले आणि सत्तावन्नच्या धामधुमीत नाहीसे झाले, ते कायमचे.

मला या माणसाच्या तेरा वर्षांवर प्रबंधिका लिहायची होती. माझ्याकडे एक वर्ष होतं.

*

ब्रिटिश लायब्ररी सेंट पँक्रस स्टेशनच्या शेजारी आहे. तळघरात लॉकर. कोट, पाण्याची बाटली, पेन, खाऊ, सगळं तिथे ठेवायचं आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत लॅपटॉप नि पेन्सिल घालून तिसऱ्या मजल्यावर आशिया-आफ्रिकेच्या वाचनकक्षात जायचं. पहिल्या दिवशी ती पिशवी हातात धरून मी मंडईत निघाल्यासारखी चालत होते. आत भिंतींवर जुनी मोठी तैलचित्रं, मधे हिरव्या-करड्या रंगाचा शुकशुकाट. जुनं बाड आलं की ते फोमच्या उतरत्या उशांवर ठेवायचं, पान मिटू नये म्हणून त्यावर कापडी नळीत शिशाचे मणी भरलेला एक साप आडवा टाकायचा. आमच्या पुण्याच्या दफ्तरांत कागद रुमालात बांधलेले असतात. गाठ सोडली की आधी धूळ येते, मग शिंक येते, मग इतिहास येतो. इथे धूळच नव्हती. मला उगीचच कागदांबद्दल शंका आली.

इंडिया ऑफिसच्या या दप्तराच्या फळ्या एकापुढे एक ठेवल्या तर 14 किलोमीटर होतात. साताऱ्याहून निघालं तर कासच्या निम्म्या वाटेच्या पुढे जाऊ. एवढ्या कागदात पहिला आठवडाभर मला साताऱ्याबद्दल जवळजवळ काही मिळेना. यादीत शोधायचे, चारदोन नोंदी यायच्या, तेवढ्याच. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या संशोधकबाईंनी माझ्या स्क्रीनकडे बघून हळूच सांगितलं, ‘दोन टी घालून बघ.’ सातारा नव्हे, सट्टारा. प्रतापसिंह नव्हे, परताब सिंग. रंगो नव्हे, रंगो-बापोजी, तेही इंग्रज कारकुनाच्या कानाला त्या दिवशी जसं ऐकू आलं असेल त्या अक्षरांत. आपल्या गावाचं नाव दुसऱ्याच्या चुकीने लिहायला शिकले आणि धो धो कागद यायला लागले.

यात दुखावण्यासारखं काही नव्हतं. माझ्या विद्यार्थी ओळखपत्रावरही आडनावाचं एक अक्षर गळलेलं होतं आणि ते मी वर्षभर दुरुस्त करून घेतलं नाही.

*

विद्यापीठ ब्लूम्सबरीत. वर्गात आम्ही बारा जण. व्याख्यान कमी, सेमिनार जास्त. आधी दीडदोनशे पानं वाचून यायचं आणि गोल बसून बोलायचं. मला वाचायला अडचण नव्हती, बोलायला होती. आपल्याकडे वर्गात बोलायचं ते उत्तर येत असेल तर. इथे सगळे उत्तर येत नसताना बोलायचे, आणि बोलता बोलता त्यांना ते सापडायचं. हे मला पहिल्या सत्रात निव्वळ उद्धटपणा वाटला. दुसऱ्या सत्रात मत्सर वाटला.

कंपनी आणि संस्थानं असा विषय होता त्या आठवड्यात अकरा माना माझ्याकडे वळल्या. मराठ्यांकडून याबद्दल काय म्हणता येईल, असं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. मराठ्यांकडून! मी एकटी, कॅन्टीनमधल्या थंड सँडविचसह, मराठ्यांकडून. अफझलखान, आग्रा, पुरंदर मी झोपेतही सांगितलं असतं. 1839 बद्दल मला वर्गातल्या ब्रिस्टलच्या मुलापेक्षा एक ओळही जास्त माहीत नव्हती. त्याने निदान नेमून दिलेलं प्रकरण पूर्ण वाचलं होतं. मी काहीतरी अभिमानाचं बोलले. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘याला आधार?’ आमच्याकडे हा प्रश्न भांडणात विचारतात. त्या खरंच विचारत होत्या.

वर्गात लाहोरचा एक मुलगा होता. त्याचीही अशीच पंचाईत व्हायची. पानिपतावरून आम्ही एकदा तासभर चिप्स खात बोललो. त्याच्या शाळेच्या पुस्तकातला अहमदशाह अब्दाली मदतीला धावून आलेला, माझ्या पुस्तकातला लुटायला आलेला. दोन्ही पुस्तकांत घोडे मात्र तेच. पुढे कुठलाही अवघड सेमिनार संपला की तो मला फक्त ‘आधार?’ एवढंच विचारायचा. मराठी शब्द मीच शिकवला होता.

बाई म्हणतेय खरी, पण तिथे बाईंना बाई म्हणत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, मला नावाने हाक मारा. सगळे मारायचे. माझ्याच्याने ते शेवटपर्यंत झालं नाही. मी ‘एक्सक्यूज मी’ म्हणून वर्ष काढलं. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की तू, तुम्ही, आपण असे तिघे एकाच पाटावर बसतात. त्यामुळे त्या मला ‘तू’ म्हणत होत्या की ‘तुम्ही’, आणि मी त्यांना काय म्हणत होते, हे मला कधीच कळलं नाही. ईमेल लिहायचे तर आधी आपली तब्येत बरी असेल अशी आशा, मग व्यस्त वेळापत्रकात त्रास देत असल्याबद्दल क्षमा, मग कामाचं. उत्तर एका ओळीचं. ‘हो, गुरुवार चालेल.’ खाली सहीच्या जागी नावाचं पहिलं अक्षर. मला दोन दिवस वाटत राहायचं, काही चुकलं का.

*

नोव्हेंबरात ते पत्र हाती लागलं. बोर्ड्स कलेक्शन्स नावाची मालिका आहे, मुंबई-कलकत्त्याहून लंडनला पाठवलेल्या कागदांची जाड जाड बाडं. त्यातल्या एकात प्रतापसिंह महाराजांकडून साताऱ्याच्या रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला, गेलेलं एक पत्र. अर्थात इंग्रजी भाषांतर. सुरेख तिरकं अक्षर, तपकिरी शाई, वर लिहिलेलं ‘ट्रान्सलेशन’. आणि पहिले दोन शब्द: ‘आफ्टर कॉम्प्लिमेंट्स’. त्यापुढे लगेच मुद्दा.

मला आधी कळेना. पुढचं पत्र उघडलं, तेच. त्यापुढचं, तेच. कुणीही कुणालाही लिहिलेलं असो, देशी भाषेतलं पत्र इंग्रजीत आलं की त्याची सुरुवात ‘आफ्टर कॉम्प्लिमेंट्स’. कंपनीच्या भाषांतरकारांची ती रीतच होती. नमस्कार-चमत्कार झाले, आता कामाचं बोला.

रात्री आजोबांना फोन केला. आजोबा भूमी अभिलेखमध्ये होते, हयात मोडी लिपीत गेली. मोडी शाळांतून कधीच गेली, पण जमिनीच्या भांडणात ती अजून लागते. म्हणून निवृत्तीनंतरही लोक जुनी फेरफारं, इनामाचे कागद घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांना सांगितलं, पत्राचा मायना गाळलाय सगळीकडे. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं लाइन गेली.

‘मायना गाळला?’ ते म्हणाले. ‘मग राहिलं काय?’

‘मजकूर राहिला की आजोबा.’

‘अगं, मजकूर काय कुणीही सांगतो. मायना वाचल्याशिवाय मी मजकुराला हातच लावत नाही.’

आणि मग त्यांनी अर्धा तास घेतला. राजश्रियाविराजित राजमान्य राजश्री कुणाला लिहायचं, अखंडितलक्ष्मी अलंकृत कुणाला. ‘आशीर्वाद’ आहे, ‘नमस्कार’ आहे, ‘दंडवत’ आहे की ‘रामराम’, यावरून लिहिणारा आणि घेणारा कोण, कुणाची जात कुठली, वयाने-मानाने मोठं कोण, सगळं कळतं. ‘विज्ञापना ऐसीजे’ म्हणतोय की ‘आज्ञा केली ऐसीजे’ म्हणतोय, यावरून तो मागतोय की सांगतोय ते कळतं. तहाआधी ज्याला एक मायना होता त्याला तहानंतर दुसरा लिहिला, तर तहात खरं काय ठरलं ते तहापेक्षा मायन्यात दिसतं. ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करणे’ हेही गाळलं असेल? गाळलं होतं. शेवटचं ‘बहुत काय लिहिणे’? ते इंग्रजीत कधी ‘व्हॉट मोअर कॅन बी रिटन’ असं बिचारं होऊन येतं, कधी येतही नाही.

माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. राजा आणि कंपनीचा सगळा तंटाच मुळी दर्जाचा. तो स्वतंत्र राजा, मित्र, की कंपनीने बसवलेला मांडलिक? मुद्द्याच्या ओळीत तो काय म्हणतो ते सगळ्यांनी वाचलंय, त्यावर छापील बाडं निघालीत, संसदेपुढे ठेवली गेलीत. पण तो रेसिडेंटला कुठल्या मायन्याने लिहीत होता? 1819 साली कुठल्या आणि आरोपांचं वादळ उठल्यावर कुठल्या? बदलला होता का? नेमकं तेच एका कारकुनाने दोन शब्दांत आवरतं घेतलं होतं, वेळ वाचावा म्हणून.

*

मग मी एक वेडेपणा केला. इंग्रजी भाषांतर समोर ठेवून त्याचं परत मराठी करायला लागले. ‘आय हॅव नो डिझायर’ म्हणजे मूळ काय असेल, ‘इच्छा नाही’ की ‘उमेद नाही’ की ‘हेत नाही’? ‘फ्रेंडशिप’ म्हणजे दोस्ती, स्नेह की लोभ? ‘लोभ असो द्यावा’ यातला लोभ इंग्रजीत नेताना भाषांतरकाराची काय तारांबळ होत असेल! मी लायब्ररीत बसून पेन्सिलीने एकोणिसाव्या शतकातलं मराठी लिहायचे, संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवायचे, ते दुरुस्त करायचे. ‘हे पेशवाईतलं झालं. सातारकर असं नाही लिहिणार.’ महिनाभराने आम्ही दोघांनी मिळून एक अख्खं पत्र उभं केलं, मायन्यापासून लेखनसीमेपर्यंत. आजोबा म्हणाले, ‘आता फक्त मोर्तब राहिलं.’

ते मी प्रबंधिकेच्या मसुद्यात घातलं. बाईंनी मसुदा परत दिला तेव्हा त्या पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, त्याचा अर्थ साधारण असा: तुमचं मराठी फार चांगलं दिसतंय, पण हे पत्र तुमचं नाही.

(‘तुमचं’ हे माझं भाषांतर. त्यांनी ‘युअर’ लिहिलं होतं.)

मी रडले वगैरे नाही. पण त्या दिवशी रसेल स्क्वेअरपासून ईस्ट हॅमपर्यंत बाईंशी मनातल्या मनात कडाकडा भांडत गेले. माझी भाषा आहे, माझं गाव आहे, मला कळणार नाही तर कुणाला? ट्यूबमधून उतरेपर्यंत मलाच उत्तर ऐकू यायला लागलं होतं. त्या मायन्यात मी जे घातलं होतं ते मला हवं असलेलं होतं. माझ्या पत्रातला राजा ताठ होता. प्रत्येक ओळीत तो बरोबरीच्या नात्याने लिहीत होता, कारण चार भिंतींवर भेळ खात मोठ्या झालेल्या मुलीला तो तसाच हवा होता. खऱ्या पत्रात तो कदाचित वाकलाही असेल. माणसं राज्य वाचवायला वाकतात. कारकुनाने मायना गाळला होता. मी माझ्या पदरचा घातला होता. दोघांनीही मूळ पत्र दाखवलं नव्हतं. त्याने निदान ‘आफ्टर कॉम्प्लिमेंट्स’ लिहून इथे काहीतरी होतं एवढी खूण ठेवली होती.

पान काढून टाकलं. आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बाई हुशार आहे.’ मला अजिबात आवडलं नाही.

आणि मग बाईंनीच, पुढच्या भेटीत, सहज विचारलं, मूळ मराठी कागद कुठे असतील? मी तोंड उघडलं आणि मिटलं. लंडनला येतात त्या बहुतेक नकला. कंपनीचा कारभारच तसा होता. जहाजं बुडायची, म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या. देशी भाषेतला कागद मुंबईत किंवा रेसिडेन्सीत राहायचा, त्याचं भाषांतर व्हायचं, भाषांतराची नक्कल व्हायची, ती नक्कल बाडात जायची. चौदा किलोमीटर फळ्या, आणि माझा कागद असलाच तर काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरच्या अंगाला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, नाहीतर पुण्यात पेशवे दफ्तरात. शिवनेरी बसचं तिकीट काढून जाता येईल अशा ठिकाणी.

आत्याला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

*

फेब्रुवारीतल्या एका रविवारी लेडनहॉल स्ट्रीटला गेले. ईस्ट इंडिया हाउस तिथे होतं. 1861 साली पाडलं. आता त्या जागी लॉइड्सची इमारत उभी आहे, स्टीलची, नळ, पाइप, जिने सगळं आतलं बाहेर काढून ठेवलेली. कुणीतरी घराची आतडी बाहेर वाळत घातल्यासारखी. रविवार असल्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रंगो बापूजी ज्या दारातून तेरा वर्षं आत-बाहेर करत असतील ते दार कुठल्या बाजूला होतं हे बघत मी तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा सुरक्षारक्षक बाहेर आला. बांगलादेशी होता. ‘काही शोधताय?’ म्हणून हिंदीत विचारलं. मी सांगितलं, आमच्या गावचे एक वकील इथे यायचे, कामासाठी. ‘कधी?’ म्हटलं, एकशेऐंशी वर्षांपूर्वी. तो हसला नाही. ‘काम हुआ?’ म्हणाला.

परत येताना वाटलं, हा आमचा वकील थंडीत काय खात असेल? कुणाशी मराठी बोलत असेल? तेरा वर्षांत त्याचाही मायना आखूड झाला असेल का? माझा झाला होता. आईचा फोन आला की ती आधी जेवलीस का, काय जेवलीस, थंडी आहे का, स्वेटर घातलास का, खालच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे सगळं सांगून मग मुद्द्यावर यायची. मी आठवड्याला वीस तास एका कॅफेत काम करायचे (व्हिसात तेवढीच मुभा), उरलेला वेळ वाचायचे, आणि आईला म्हणायचे, ‘बोल आई, पटकन.’ एकदा ती म्हणाली, ‘काही नाही गं, सहजच केला होता.’

मार्चमध्ये चॉक फार्मला उतरून 10, किंग हेन्रीज रोडला गेले. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहत होते. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं. बाबासाहेबांचा शाळाप्रवेश साताऱ्यातला, 7 नोव्हेंबर 1900. ज्या शाळेच्या वहीत ते नाव लागलं तिचं आजचं नाव छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. माझे बाबा त्याच शाळेचे. बाबासाहेबही असेच फीच्या चिंतेत, शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917 साली अर्धवट सोडून परतलेले, पैसे साठवून 1920 मध्ये पुन्हा आलेले, आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात वाचत बसणारे. घराच्या जिन्यावर मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी कॅमेऱ्यातून सगळं घर पाहिलं, शेवटी विचारलं, ‘तिथून लायब्ररी किती लांब?’ मी म्हटलं, चालत पाऊण तास असेल. ‘मग चालतच जात असणार,’ बाबा म्हणाले. ‘पैसे वाचतात.’

*

प्रबंधिका झाली, बऱ्या गुणांनी झाली. तिचं नाव सांगण्यासारखं नाही, पण तिच्यात ‘आफ्टर कॉम्प्लिमेंट्स’वर एक प्रकरण आहे, काय गाळलं गेलं आणि आपल्याला ते का भरता येणार नाही यावर. आजोबांचे आभार मानलेत. इंग्रजीत त्यांच्या नावामागे काय लावावं सुचेना, म्हणून नुसतं नाव.

2023 च्या हिवाळ्याच्या तोंडाशी परत आले तर आजोबांकडे ही गर्दी! कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला होता आणि मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला होता. सकाळी सातला दारात चपला. आजोबांना दिसायचं कमी झालेलं, म्हणून भिंग घेऊन मी शेजारी बसायला लागले. लंडनहून इतिहास शिकून आलेली नात आहे, असं ते लोकांना सांगायचे. लोक माझ्याकडे आदराने बघायचे आणि कागद आजोबांच्याच हातात द्यायचे. सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर अजून ‘बघू’च आहे.

2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात. एसटी स्टँडजवळ ही रांग. मीही आत्याबरोबर उभी राहिले. ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने त्याला ती दिली, असं त्यांच्या डबीवर इंग्रजीत लिहिलंय. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याचा पुरावा नाही, असं ते म्युझियमच सांगतं. आत्याने मला विचारलं, ‘हीच का गं ती?’ मागे-पुढे दोनशे माणसं. तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं, ‘साताऱ्याहूनच गेली होती, असं त्यांच्याकडे लिहून ठेवलंय.’ तिने हात जोडले. लाहोरचा मुलगा शेजारी असता तर काय म्हणाला असता ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर एकदाची मी दफ्तरात गेले. कुठल्या ते सांगत नाही, कारण पहिल्या तीन खेपांना ‘उद्या या’ झालं. चौथ्या खेपेला चिठ्ठी घेतली गेली. तासाभराने शिपाई लाल रुमालात बांधलेलं गाठोडं घेऊन आला, टेबलावर आपटलं. धूळ आली, शिंक आली. ‘मोडी येतं का?’ त्याने विचारलं. म्हटलं, थोडं थोडं.

राजाची पत्रं त्यात नव्हती. रेसिडेंटचं नावही नव्हतं. होता तो पागेचा हिशेब. आधी मला वाटलं चुकीचा रुमाल आलाय. मग सवयीने पहिल्यांदा तारीख लावायला घेतली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन आजोबांना फोन केला.

‘साल वाच,’ ते म्हणाले.

‘आर्बैन मयातैन व अलफ.’

‘चाळीस, दोनशे, हजार. बाराशे चाळीस. त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळव.’ मग तेच थांबले. ‘एकोणचाळीस. महिना?’

‘रजब. चंद्र चार.’

फोनवर त्यांच्या बोटांची पेरं मोजल्याचा आवाज येत नव्हता, पण मला तो ऐकू आला. राजाला रात्रीतून वाड्याबाहेर काढलं त्याला तेव्हा जेमतेम आठवडा-दीड आठवडा झाला होता.

‘काय लिहिलंय?’

‘घोड्यांची चंदी आजोबा. हरभरा.’

‘मायना?’

‘हिशेबाला कुठला मायना?’

‘तेही खरं,’ आजोबा म्हणाले. ‘मग वाच की. हरभरा किती?’

मी आत गेले, कागद खिडकीच्या उजेडात धरला, परत आले आणि वाचलं, ‘सवादोन मण.’

‘घोडे किती?’

‘थांबा,’ म्हटलं, ‘ते पुढच्या पानावर असेल.’